जुना सागवानी पलंग घ्यायचाय? कोल्हापुरात शोधण्यापासून चपडी पॉलिशपर्यंत

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरीतले जुने बंगले आणि पेठांमधली घरं पाडून फ्लॅट उभे राहतात, तेव्हा बेडरूममधलं लाकडी सामान बहुधा सगळ्यात आधी बाहेर पडतं. पलंग नव्या खोलीत अडचण करतो, कपाट लिफ्टमध्ये जात नाही, ड्रेसिंग टेबलाचा आरसा डागाळलेला असतो. घरमालक ते लाकडाच्या भावात काढतो, आणि तेच सामान सांधे आवळून, चपडीचं (लाखेचं) पॉलिश होऊन कुणाच्या तरी बेडरूममध्ये मानाने बसतं. मधल्या कामात काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, त्याची ही माहिती. पहिल्यांदाच जुनं सामान घेणाऱ्यांसाठी आहे, म्हणून थोडी सविस्तर.

१. आधी ओळखा: नेमकं कोणत्या काळातलं?

दुसऱ्या महायुद्धानंतर साधारण १९७० पर्यंत जी साधी, हलकी, कोरीवकाम नसलेली फर्निचरची शैली जगभर चालली, तिला आज 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात. डेन्मार्कमध्ये हान्स वेग्नर, फिन यूल यांनी सागाला या शैलीत मानाचं स्थान दिलं. आपल्याकडे चंदीगड शहर वसवताना वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी इमारतींसाठी सागाच्या आणि शिसमाच्या खुर्च्या, टेबलं, पलंग घडवले गेले. आज लिलावात त्यांना मोठ्या किमती येतात.

कोल्हापुरात मिळणाऱ्या सामानावर मात्र कुणा डिझायनरचं नाव नसतं. ते मिस्त्रींच्या हातचं असतं आणि बऱ्याचदा मिश्र असतं. कपाटाचे कोपरे मुंबईच्या आर्ट डेको (१९३०-४० च्या दशकांतली शैली) वळणाचे गोल, पण पाय निमुळते आणि बाहेर झुकलेले. ही भेसळ नाही, आपल्याकडची तीच खरी तऱ्हा आहे. ओळखायच्या खुणा अशा:

- पाय वरून जाड, खाली बारीक होत गेलेले, किंचित तिरके. काहींना खाली पितळी टोपी.
- पलंगाची उशाकडची बाजू बुटकी आणि सपाट. नक्षी नाही, लाकडाच्या रेघा हीच शोभा.
- खणांना मुठीऐवजी आतून कोरलेली पकड किंवा लहान पितळी मूठ.
- ड्रेसिंग टेबल बसकं, तीन पानी आरशाचं. साठच्या दशकातलं असेल तर वर कधी कधी फॉर्मायका.
- मापं इंचात पूर्ण बसणारी. मेट्रिक मापं कायद्याने १९५६ नंतर टप्प्याटप्प्याने आली, पण सुतारकामात इंच आजही हटलेला नाही. त्यामुळे ही खूण एकटीने काही सिद्ध करत नाही.

जाणकार यासाठी धडपडतात त्याची कारणं दिखाऊ नाहीत. एक, लाकूड. त्या काळचा साग बऱ्याचदा जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचा. त्याच्या रेघा दाट असतात, तो कमी वाकतो. दोन, सांधे. खाचेत बसवून सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या डिंकाने) चिकटवलेला सांधा उकलता येतो, पुन्हा जोडता येतो. चिपबोर्डाचं आजचं कपाट एकदा स्क्रूतून फाटलं की संपलं. तीन, उंची आणि आकार. नक्षीदार शिसवी पलंग फ्लॅटच्या खोलीला खाऊन टाकतो, हा बुटका पलंग खोली मोकळी ठेवतो.

२. कुठे आणि कधी शोधायचं

जुनं सामान घेणारे-विकणारे, घर पाडण्याचं काम घेणारे कंत्राटदार आणि पॉलिशवाले, या तिघांशी ओळख ठेवा. पॉलिशवाल्याला सगळ्यात आधी कळतं, कारण विकण्याआधी 'जरा चकाकी मारून दे' म्हणत सामान त्याच्याकडे येतं. त्याला सांगून ठेवा की चकाकी न मारलेलं सामान आधी तुम्हाला दाखवायचं. यात तुमचे पैसे वाचतात आणि दोष झाकला जात नाही.

दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या आधी घरं नवं सामान घेतात, तेव्हा जुनं बाहेर निघतं. पलंगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: दुसऱ्याचा, त्यातही कुणी आजारपणात वापरलेला पलंग घरात नको, असं अनेक घरांत मानतात. त्यामुळे त्याच दर्जाच्या कपाटापेक्षा पलंगाला गिऱ्हाईक कमी असतं आणि भावात घासाघीस जास्त चालते. तुम्हाला तसलं काही वाटत नसेल तर सुरुवात पलंगापासूनच करा.

३. बघायला जाताना

सोबत घ्या: मोबाइलचा टॉर्च नव्हे, चांगली बॅटरी, मोजपट्टी, दाभण किंवा जाड सुई, लहान स्क्रू ड्रायव्हर, कापूस आणि बाटलीभर पॉलिशचं स्पिरिट, काळा कागद, चॉक.

पुढून बघण्यात वेळ घालवू नका. पुढची बाजू सगळ्यांचीच चांगली असते. खण बाहेर ओढा, उलटा करा. कपाट भिंतीपासून सरकवायला लावा. पलंगाच्या फळ्या उचलून आडव्या पट्ट्यांची आतली बाजू बघा.

*लाकूड.* आतल्या बाजूला, पॉलिश नसलेल्या जागी नखाने किंचित खरवडा. सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो आणि रंग सोनेरी तपकिरी असतो. शिसव त्याहून बरंच जड, जांभळट काळसर. पुढे साग आणि मागे, खणाच्या तळाला 'जंगली' (सागाव्यतिरिक्त कुठलंही स्वस्त) लाकूड असेल तर नाक मुरडू नका. तेव्हाचे चांगले मिस्त्रीही असंच करत. फक्त भाव ठरवताना ते सागात मोजू नका.

*खणांचे कोपरे.* पुढची आणि बाजूची फळी पंख्यासारख्या दातांनी एकमेकांत अडकलेली असेल, म्हणजे डोव्हटेल असेल, तर काम हातचं आणि मन लावून केलेलं. नुसते खिळे मारलेले असतील तर नंतरची दुरुस्ती किंवा मुळातच स्वस्त काम.

*स्क्रू.* सरळ एका खाचेचे स्क्रू जुने असण्याची शक्यता जास्त. बिजागरीला चार खाचांचे चकचकीत स्क्रू दिसले तर बिजागरी बदललेली आहे किंवा अख्खी वस्तूच नवी आहे. 'जुनं' म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या वस्तूची खरी चुगली मात्र आतला रंग करतो. साठ वर्षांच्या खणाची आतली बाजू, तळ आणि पाठ वेगवेगळ्या छटेची असते, कारण प्रत्येकाला हवा-उजेड वेगळा लागलेला असतो. सगळीकडे एकसारखा चहाच्या रंगाचा स्टेन दिसला की वस्तू ठेवा आणि निघा.

*किडा.* एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे भुंगा. खाली मैद्यासारखी भुकटी पडत असेल तर तो अजून आत आहे. भुंगा बहुतेक सालीजवळच्या पांढरट लाकडात राहतो. सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. म्हणून भोकं पांढऱ्या पट्ट्यातच आहेत का ते पाहा. दाभण टोचा. अर्धा इंच सहज आत गेलं तर तो भाग बदलावाच लागेल. वाळवीचा मामला वेगळा: मातीच्या नळ्या दिसतात आणि लाकूड आतून पोकळ वाजतं.

*पूर.* कोल्हापुरात ही तपासणी टाळूच नका. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचं पाणी शहराच्या खालच्या भागांत घरांत शिरलं होतं. पुरातून निघालेल्या सामानाच्या चारही पायांवर एकाच उंचीला छटेची रेघ असते. त्या रेघेखालचे स्क्रू गंजलेले आणि वरचे ठीक, आणि सांध्यांच्या फटीत बारीक गाळ. भिजलेला भरीव साग सावलीत नीट सुकवला असेल तर वाचतो. प्लायचा तळ, व्हिनियरचे (वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेले) दरवाजे आणि सरसाचे सांधे वाचत नाहीत. असं सामान घ्यायचंच असेल तर ते सगळं पुन्हा करायचं आहे, असं धरून घ्या.

*ऑइलपेंट.* पांढरा, आकाशी किंवा हिरवा ऑइलपेंट मारलेलं सामान स्वस्त मिळतं आणि खाली साग निघाला की आनंद होतो. पण जुन्या रंगांत शिसं असतं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली. असा रंग कोरडा घासू नका, हीट गनने जाळू नका. पेंट रिमूव्हर लावून ओला असतानाच खरवडा, भुकटी उडू देऊ नका आणि लहान मुलांना त्या जागेत येऊ देऊ नका.

४. भाव: घनफूट काढून मगच बोला

विकणारा 'सगळं साग आहे' म्हणतो. तुम्ही टिंबर मार्केटमध्ये सागाचा घनफुटाचा चालू भाव विचारून ठेवा आणि जागेवर हिशेब करा. सूत्र सोपं: लांबी फुटात × रुंदी इंचात × जाडी इंचात ÷ १४४.

एका पाच फुटी डबल बेडचं उदाहरण:

- बाजूच्या दोन पट्ट्या, ६.२५ फूट × ६ इंच × १.२५ इंच: ०.६५ घनफूट
- चार पाय, मिळून ९ फूट, ३ × ३ इंच: ०.५६
- उशाकडची फळी, ५ फूट × २४ × १ इंच: ०.८३
- पायाकडची फळी, ५ फूट × १२ × १ इंच: ०.४२
- बारा आडव्या पट्ट्या, ५ फूट × ३ × ०.७५ इंच: ०.९४

एकूण ३.४ घनफूट. त्याला सागाच्या भावाने गुणलं की नुसत्या लाकडाची किंमत हातात येते. उशाकडची फळी भरीव नसून प्लायवर व्हिनियर असेल तर ०.८३ वजा. या आकड्यात दुरुस्तीचा खर्च मिळवून मग ठरवा. घडणीचे, वयाचे, दुर्मीळतेचे पैसे द्यायला हरकत नाही, पण ते लाकडाच्या नावाखाली देऊ नका.

कुणी 'हे चंदीगडचं आहे' म्हणालं तर सावध व्हा. मूळ सरकारी सामानावर रंगाने उमटवलेले खात्याचे अक्षर-आकडे असत, आणि नकलांवरही आता तेच उमटवतात. शिवाय चंदीगडच्या वारसा-सामानाच्या विक्रीवर आणि परदेशी पाठवण्यावर केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ मध्ये निर्बंध घातले. कागद नसेल तर त्या नावाचे पैसे देऊ नका.

५. कागदपत्रं

फार लागत नाहीत, पण जी लागतात ती घ्याच:

- विकणाऱ्याची सही आणि तारीख असलेली पावती. तीत वस्तूचं वर्णन, माप, लाकूड आणि 'वापरलेलं घरगुती सामान' हे शब्द.
- जागेवरून हलवण्याआधीचे फोटो: चारही बाजू, तळ, खणांचे कोपरे, दोष.
- अपार्टमेंटमधून सामान काढायचं असेल तर सोसायटीचं परवानगीपत्र. टेम्पो दारात उभा राहिल्यावर वॉचमन अडवतो, तेव्हा याची आठवण येते.
- शिसवाची वस्तू असेल तर पावतीवर शिसव असा स्पष्ट उल्लेख. शिसव आणि शिसम ज्या डालबर्जिया या प्रजातीत मोडतात, ती साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पुढे कधी ती वस्तू परदेशी पाठवायची झाली तर परवानगीचे कागद लागू शकतात.

पुराणवस्तू म्हणून नोंदणी लागेल का, हा प्रश्न हमखास येतो. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात फर्निचरसारख्या वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे. १९५५ चं ड्रेसिंग टेबल त्यात बसत नाही.

६. सोडवणं आणि आणणं

पलंग अख्खा उचलायचा प्रयत्न करू नका. बाजूच्या पट्ट्या पायांना लोखंडी हुकांनी किंवा आरपार बोल्टने जोडलेल्या असतात. हूक असतील तर पट्टी खालून वर ठोकायची, मोगरीने (लाकडी हातोड्याने) आणि मध्ये लाकडाचा तुकडा धरून. बोल्ट गंजला असेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल घालून ठेवा.

सोडवण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना चॉकने एकच आकडा लिहा: १-१, २-२. हाती केलेल्या सामानात चारही पाय सारखे दिसतात, पण एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

बोल्टची आणखी एक गंमत. जुने बोल्ट बहुधा इंचाच्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे असतात. ५/१६ इंची नटात आजचा ८ एमएम बोल्ट दोन-तीन आटे सहज जातो, मग अडकतो. जोर लावला की लाकडात रुतवलेल्या नटाचे आटे जातात. नमुना खिशात घालून उद्यमनगर (शहरातली कारखान्यांची वसाहत) गाठा, इंची आट्याचा बोल्ट मागा. नाहीच मिळाला तर लेथवाला करून देतो.

आरसे काढून, उभे ठेवून, गोधडीत गुंडाळून न्या. आडवा ठेवलेला मोठा आरसा खड्ड्यात फुटतो. कपाटाचे दरवाजे दोरीने बांधा, चिकटपट्टीने नको. चिकटपट्टी काढताना जुनं पॉलिश सोबत घेऊन जाते.

७. तीन आठवडे वेगळं ठेवा

थेट बेडरूममध्ये नेऊ नका. गच्चीवरच्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवा आणि खाली काळा कागद पसरा. तीन आठवड्यांत कागदावर ताजी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे. भुंग्या-वाळवीचं तयार औषध सुईच्या पिचकारीने प्रत्येक भोकात घाला, पॉलिश नसलेल्या बाजूंना ब्रशने दोनदा फिरवा, प्लास्टिकमध्ये आठवडाभर गुंडाळा. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. भोकं मेणाने लगेच बुजवू नका. उघडी असली की नवी भुकटी कळते.

८. पॉलिश ओळखा, मगच हात लावा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. लोक थेट घासायला बसतात.

न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला, कापसाला तपकिरी रंग आला तर ती चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश. या काळातल्या सामानावर बहुतेक तेच असतं. स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने नरम पडलं तर एनसी लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश. दोन्हींना दाद दिली नाही तर नंतर कुणीतरी मेलामाइन किंवा पीयू (कडक, प्लास्टिकसारखा थर देणारी नवी पॉलिशं) मारलंय, आणि ते रिमूव्हरनेच निघेल.

चपडी निघाली तर तुमचं नशीब. ती पूर्ण काढायची गरज बहुधा नसते, कारण नवी चपडी जुनीत विरघळून एकजीव होते. आधी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने वर्षांचं मेण, तेल, हाताचा मळ काढा. मग घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडं करा. अर्ध्या वेळा इथेच वस्तू उजळते आणि 'आता घासायचं कशाला?' हा योग्य प्रश्न पडतो.

पाण्याच्या पेल्याचं पांढरं कडं म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेली ओल. बोळा स्पिरिटने जेमतेम ओलसर करून, न थांबता भरभर फिरवला तर ते जातं. काळं कडं लाकडात उतरलेलं असतं. तिथलं पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिड लावावं लागतं: अर्धा लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम, ब्रशने, मग दोन-तीनदा साध्या पाण्याने पुसणं. हे विषारी आहे. हातमोजे घाला, आणि सुकल्यावर तिथे घासताना मास्क लावा.

९. सांधे आणि व्हिनियर

फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आलं. त्याआधीच्या आणि त्यानंतरही बऱ्याच वर्षांच्या सामानात सरस आहे. सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो, हा त्याचा मोठा गुण. हलणारा सांधा खिळा मारून थांबवू नका. खिळा लाकूड चिरतो, गंजतो आणि पुढच्या मिस्त्रीची पटाशी खराब करतो.

पद्धत अशी: सांधा मोगरीने हलके ठोकत उकला. जुना सरस कोमट पाण्याच्या कापडाने नरम करून पूर्ण खरवडा, कारण फेविकॉल सरसावर धरत नाही. लाकूड एक दिवस सुकू द्या. सांधा ढिला असेल तर सागाची पातळ चकती चिकटवून जाड करा; भुसा आणि फेविकॉलचा लगदा भरून काम भागत नाही. डिंक (फेविकॉल) लावा, शिकंजा (क्लॅम्प) आवळा, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर चौकट वाकडी आहे आणि ती आत्ताच सरळ होईल, उद्या नाही. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर त्या डागावर पॉलिश चढत नाही. रात्रभर शिकंजा काढू नका.

व्हिनियरचा फुगा आला असेल तर बोटाने टकटक करून पोकळी शोधा. खाली सरस असेल तर वर कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री काही सेकंद दाबली आणि थंड होईपर्यंत वजन ठेवलं की बऱ्याचदा काम होतं. नसेल तर ब्लेडने रेघेच्या दिशेने चीर द्या, पिचकारीने डिंक घाला, वर बटर पेपर आणि विटा.

आणि मशीन? व्हिनियर एक मिलिमीटरहूनही पातळ असतं. सँडिंग मशीन कोपऱ्यावर चार सेकंद जास्त थांबलं की खालचा प्लाय वर येतो. त्यावर दुरुस्ती नाही. भरीव साग असला तरी मशीन मारू नका. साठ वर्षांत चढलेली छटा वरच्या पातळ थरातच असते आणि जाणकार त्याच छटेचे पैसे देतात.

१०. चपडी पॉलिश

साहित्य: चांगली चपडी (लाखेच्या पातळ पापड्या), पॉलिशचं स्पिरिट, कापूस, जुनं धुतलेलं मलमल, अळशीचं तेल, २२०, ३२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर. पलंग आणि बाजूच्या टेबलाला मिळून साधारण दोन लिटर पातळ पॉलिश धरा.

प्रमाण: एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडी. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत. लोखंडी डब्यात पॉलिश काळं पडतं. अधूनमधून हलवत रात्रभर ठेवा, सकाळी मलमलमधून गाळा. बाटलीवर तारीख लिहा. सहा महिन्यांपेक्षा जुनं पॉलिश नीट सुकत नाही, चिकट राहतं.

उघड्या पडलेल्या जागा रेघेच्या दिशेने हाताने २२० आणि मग ३२० ने घासा. धूळ पुसा. कापसाचा बोळा मलमलमध्ये बांधा, पॉलिश आत शोषू द्या, बाहेरून थेंब गळता कामा नये. बोळ्यावर अळशीच्या तेलाचा एखादा थेंब, नाहीतर तो अडकतो. सरळ, लांब हात. कडेला थांबायचं नाही, विमान उतरून पुन्हा उडावं तसा बोळा आत यायचा आणि बाहेर जायचा. ओल्या जागी परत फिरलात तर खालचा थर उचलला जातो.

तीन-चार हात, प्रत्येकी अर्ध्या तासाने. मग एक दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशी ४०० ने अगदी हलके, पुन्हा तीन-चार हात. अशा तीन फेऱ्या बेडरूमच्या सामानाला पुरतात. आरशासारखी चकाकी हवी म्हणून दहा फेऱ्या करू नका. या शैलीला मंद उजाळा शोभतो.

हे काम जून ते सप्टेंबर करू नका. पावसाळी हवेत स्पिरिट उडताना ओल ओढून घेतं आणि पॉलिशवर पांढरं धुकं बसतं. कोल्हापुरात दिवाळीनंतर ते मे हा काळ चांगला.

तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि ढिगाऱ्यातली चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. स्पिरिटजवळ उदबत्तीसुद्धा नको.

पॉलिशवाल्याला काम देणार असाल तर कागदावर लिहून द्या: चपडीच, मेलामाइन-पीयू नाही, मशीन नाही, रंगाचा स्टेन नाही, आधी एका खणावर नमुना. पीयू टिकाऊ असतं, हे खरं. पण ओरखडा पडला तर पूर्ण पृष्ठभाग उतरवावा लागतो, चपडीला बोळ्याचे चार हात पुरतात. चहाचे कप जिथे रोज बसणार त्या टेबलावर काच ठेवा.

११. कड्या, मुठी, आरसे

पितळी मूठ लाकडावर असताना चिंच किंवा पितांबरी लावू नका, कडेला पांढरा साका बसतो. काढा, धुवा, कोरडी करा. मशीनवर बफ करून सोन्यासारखी केलीत तर जुन्या लाकडावर ती उपरी दिसते. आठातली एक मूठ हरवली असेल तर आठही बदलण्याची घाई नको. उद्यमनगरात एक नमुना देऊन तशीच वळवून मिळते. रुंद झालेल्या स्क्रूच्या भोकात डिंक लावलेली सागाची काडी ठोका, कापा, नवं भोक पाडा. आरशाच्या कडेला काळे ठिपके असतील तर राहू द्या. पैलू काढलेली जुनी काच बदलली की टेबलाची अर्धी शान गेली.

१२. गादी आणि पहिला पावसाळा

गादी घेण्याआधी पलंगाचं आतलं माप घ्या. जुने पलंग बऱ्याचदा आतून ७२ इंचच लांब असतात, आणि तयार गाद्या ७२, ७५, ७८ इंचांच्या. उंच माणसासाठी लांब पट्ट्या हव्या असतील तर नव्या करून घ्या, पण मूळच्या दोन कापू नका. कपाटावर ठेवून द्या, विकताना त्या लागतात. फोमची गादी असेल तर आडव्या पट्ट्यांमधलं अंतर तीन इंचांपेक्षा जास्त नको. कापसाच्या गादीला सलग फळ्या चालतात, मात्र मध्ये बोटभर फट सोडा, नाहीतर खालून ओल धरते.

जुलैत खण अडकायला लागतील. रंधा मारू नका. ओलीने फुगलेलं लाकूड आज तासलं तर मार्चमध्ये खण खुळखुळतो. खणाच्या खालच्या कडेला मेणबत्ती घासा, कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे घ्या, आत डांबराच्या गोळ्या पॉलिशला टेकणार नाहीत अशा कापडी पिशवीत टांगा. दसऱ्याला खण पुन्हा ओढून बघा. तेव्हाही अडकत असेल तरच मिस्त्रींना बोलवा.